पहिलेपण परत करणारा शास्त्रज्ञ

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात एक मुलगी जन्मली. वर्तमानपत्रांनी तिला 'भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी' म्हटलं. आईवर उपचार केले होते केईएमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी. प्रयोगशाळेतलं काम परळमधल्याच इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन या संस्थेत उभं राहिलं होतं आणि तिचे संचालक होते डॉ. टी. सी. आनंद कुमार. देशाच्या वैद्यकीय इतिहासात ही तारीख पक्की झाली. पाठ्यपुस्तकांत गेली, स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नांत गेली.

अकरा वर्षांनी, एप्रिल १९९७ मध्ये, 'करंट सायन्स' या नियतकालिकात आनंद कुमारांचा एक लेख आला. त्यात त्यांनी लिहिलं की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचे शिल्पकार कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी होते आणि ते बाळ १९७८ सालीच जन्मलं होतं. मुखर्जींना जाऊन तेव्हा सोळा वर्षं होत आली होती. कुणी आनंद कुमारांना भाग पाडलं नव्हतं. कोर्टकचेरी नव्हती, सरकारी चौकशी नव्हती. त्यांनी कागद वाचले, पटले, आणि आपल्या संस्थेच्या व स्वतःच्या नावावरचा मान दुसऱ्याच्या नावावर केला.

आपल्या नावाची पाटी कुठे लागते यावरून विज्ञानात पिढ्यान्‌पिढ्या वैर चाललेलं आहे. लागलेली पाटी स्वतःच्या हातानं उतरवणारी माणसं फार थोडी. म्हणून आनंद कुमारांची कारकीर्द नीट समजून घ्यावीशी वाटते.

ते रुग्ण तपासणारे डॉक्टर नव्हते. त्यांचा पिंड प्रयोगशाळेचा. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, त्यांनी बरीच वर्षं लाल तोंडाच्या माकडांवर काम केलं. या माकडिणींची पाळी बाईच्या पाळीशी मिळतीजुळती असते, त्यामुळे प्रजननाच्या अभ्यासाला हा प्राणी फार मोलाचा. बीजकोशाला कामाला लावणारे हुकूम मेंदूतून सुटतात. मग मेंदूपर्यंत संप्रेरक थोड्या मात्रेत आणि थेट पोचवता आलं तर? आनंद कुमार आणि त्यांचे सहकारी संप्रेरकाचा फवारा माकडिणींच्या नाकात मारून ते रक्तात किती उतरतं आणि मेंदूभोवतीच्या द्रवात किती उतरतं, हे मोजत होते. या कामाचा एक निबंध १९७४ साली 'करंट सायन्स'मध्ये आला. प्रोजेस्टेरॉनवरचा दुसरा १९८२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात. रोज गोळी घेण्याऐवजी नाकात फवारा मारून गर्भधारणा टाळता येईल का, हा त्या संशोधनामागचा व्यावहारिक प्रश्न होता.

म्हणजे पुढे मूल जन्माला घालण्याच्या तंत्रासाठी ज्यांचं नाव झालं, त्यांची उमेद खर्च झाली ती मूल होऊ न देण्याच्या शोधात. हा काळाचा ठसा होता. भारतानं १९५२ सालीच कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. प्रजननाच्या संशोधनाला पैसा मिळे तो लोकसंख्या आटोक्यात आणण्यासाठी. परळच्या संस्थेचं मूळही त्यातच आहे: १९५० च्या दशकात गर्भनिरोधकांची चाचणी करणारा एक छोटा विभाग म्हणून ती सुरू झाली आणि १९७० साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची, आयसीएमआरची, स्वतंत्र संस्था बनली. कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या त्या दिवसांत ज्यांच्या घरी पाळणा हलतच नाही त्यांचं दुःख सरकारी कागदावर कुठेच नव्हतं. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. अशा देशात वंध्यत्वावर संशोधन करतो म्हणणाऱ्याकडे लोक कसे पाहत असतील?

हे फक्त इथलंच नव्हतं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्‌स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांनी १९७१ साली तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलकडे पैसे मागितले तेव्हा नकार मिळाला, आणि नकारामागच्या कारणांत लोकसंख्येची काळजीही होती. मूल न होणं हा तिथेही मोठा आजार धरला जात नव्हता. ते दोघं आणि त्यांच्या सहकारी जीन पर्डी खासगी देणग्यांवर, ओल्डहॅमजवळच्या एका लहानशा रुग्णालयात काम करत राहिले आणि २५ जुलै १९७८ ला लुईस ब्राउन जन्मली.

त्यानंतर जगभर दारं उघडली. आनंद कुमार परळला संचालक म्हणून आले तेव्हा आयसीएमआरलाही या तंत्रात रस निर्माण झाला होता. यामागचं शास्त्रीय कारण समजण्यासारखं आहे. ज्याला गर्भधारणा थांबवायची आहे त्यानं ती मुळात कशी होते हे पाहिलं पाहिजे. शरीराबाहेर, काचेच्या बशीत, स्त्रीबीज आणि शुक्राणू एकमेकांना भेटताना पाहणं ही प्रजननाच्या अभ्यासकाला मिळालेली मोठी खिडकी होती. पण केईएमच्या बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या डॉ. हिंदुजांना दिसत होत्या त्या बायका: बीजवाहिन्या क्षयानं किंवा जंतुसंसर्गानं बंद पडलेल्या, सासरी टोमणे ऐकणाऱ्या, ओटीभरणाच्या कार्यक्रमात मागे मागे राहणाऱ्या. संस्थेची जिज्ञासा आणि रुग्णालयाची निकड इथे एकत्र आली.

परळभोवतीच्या गिरणगावाचा तो फार वाईट काळ होता. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानं भोवतालच्या चाळी पार खचल्या होत्या. याच वस्तीत, महापालिकेच्या रुग्णालयात, म्हणजे जिथे गिरणी कामगाराची बायको बाळंत होते तिथे, हे अवघड काम झालं, याचं मोल मला फार वाटतं. पुढे हे सगळं तंत्र खासगी दवाखान्यांत गेलं आणि भरमसाट महागलं. त्याची भारतातली घडण मात्र सार्वजनिक पैशानं, सार्वजनिक संस्थांत झाली.

काम किती नाजूक होतं याची कल्पना आज येणं कठीण आहे. बीजकोशातलं बीज पिकण्याची घटका गाठायची, तर संप्रेरकांच्या पातळ्या पुन्हा पुन्हा मोजाव्या लागत. मग दुर्बीण घालून बीज अलगद ओढून घ्यायचं. ते ज्या द्रवात ठेवायचं त्याचं पाणी कमालीचं शुद्ध हवं. क्षार, आम्लता, प्रथिनं यांत थोडी चूक झाली तरी बीज मरतं. पेटीचं तापमान ३७ अंश सेल्सियस, हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ५ टक्के. अंधार, उष्णता, निर्जंतुकता, वेळ, सगळं सांभाळायचं, आणि दोन-तीन दिवसांनी काही पेशींचा झालेला गर्भ गर्भाशयात सोडून वाट पाहायची. बहुतेक वेळा हाती निराशा येई. हिंदुजांनी याच विषयावर मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. केली. परळच्या चमूनं नोंदी काटेकोर ठेवल्या, आयसीएमआरच्या पत्रिकेत १९८६ सालीच यशाचं वृत्त छापलं, पुढे १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकातही कार्यक्रमाचा अहवाल दिला. पुराव्याच्या बाबतीत कुणाला बोट ठेवायला जागा उरली नाही.

कोलकात्यात १९७८ साली नेमका पुरावाच वादाचा मुद्दा झाला होता.

सुभाष मुखर्जी यांचा जन्म १६ जानेवारी १९३१ चा, हजारीबागचा. वैद्यकीची पदवी घेऊन ते शरीरक्रियाशास्त्राकडे वळले. १९५८ साली कोलकाता विद्यापीठाची आणि १९६७ साली एडिंबरा विद्यापीठाची अशा प्रजननशास्त्रातल्या दोन पीएच. डी. त्यांच्याकडे होत्या. परदेशात राहण्याजोगी तयारी असूनही ते परतले आणि पश्चिम बंगालच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवू लागले. त्यांचे साथीदार दोन: सुनीत मुखर्जी, जादवपूर विद्यापीठातले अन्नतंत्रज्ञ, ज्यांना अतिशीत तापमानात जिवंत पेशी टिकवण्याची विद्या येत होती, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य. शरीरक्रिया जाणणारा, गोठवणं जाणणारा आणि शस्त्रक्रिया जाणणारा अशी ही तिघांची जुळणी होती. मोठी संस्था पाठीशी नाही, खास अनुदान नाही.

त्यांच्याकडे आलेल्या जोडप्यातल्या बाईच्या बीजवाहिन्या निकामी होत्या. ओल्डहॅमच्या चमूनं नैसर्गिक पाळीत तयार होणारं एकच बीज घेतलं होतं. मुखर्जींनी वेगळा विचार केला. त्यांनी आधी संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन एकाच वेळी अनेक बीजं पिकवली. ती काढण्यासाठी पोटातून दुर्बीण न घालता योनिमार्गाच्या मागच्या बाजूनं लहान छेद घेतला. बशीत फलन घडवून गर्भ वाढवले. आणि मग एक पाऊल टाकलं, जे तेव्हा जगात कुणीही मानवी गर्भाबाबत यशस्वीपणे टाकलं नव्हतं: डीएमएसओ या संरक्षक रसायनात ठेवून गर्भ गोठवले. ५३ दिवसांनी ते वितळवून, बाईच्या पुढच्या नैसर्गिक पाळीत गर्भाशयात सोडले. कारण साधं होतं. बीजकोशांना इंजेक्शनांनी चेव आणलेल्या महिन्यात गर्भाशयाचं अस्तर गर्भ रुजण्याला अनुकूल राहत नाही. म्हणून थांबायचं, शरीर पूर्ववत होऊ द्यायचं, आणि मग गर्भ रुजवायचा.

३ ऑक्टोबर १९७८ ला मुलगी झाली. सप्टेंबरच्या शेवटच्या दिवसांत पश्चिम बंगाल महापुरात बुडालेला होता, नवरात्र तोंडावर आलेलं होतं. तिला 'दुर्गा' म्हटलं गेलं. लुईस ब्राउन आणि तिच्यात ७० दिवसांचं अंतर.

इथे थोडा हिशेब मांडून पाहावा. ऑक्टोबरच्या आरंभी जन्मलेल्या बाळाचा गर्भ जानेवारी १९७८ च्या सुमारास गर्भाशयात सोडलेला असणार, आणि त्याआधी ५३ दिवस तो गोठलेला होता, म्हणजे बीजं काढली ती १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये केव्हातरी. ओल्डहॅमचा गर्भही नोव्हेंबर १९७७ मध्येच गर्भाशयात सोडला गेला होता. इंग्लंडची बातमी वाचून कोलकात्यात कुणी नक्कल केली, हा आक्षेप या साध्या बेरीज-वजाबाकीपुढे टिकत नाही. त्यांचं काम समांतर आणि स्वतंत्र होतं.

मुखर्जींनी १९ ऑक्टोबरला राज्याच्या आरोग्य सेवा संचालकांना आपल्या कामाचा अहवाल दिला. गर्भ गोठवण्याच्या पद्धतीवर तिघांचं एक छोटं टिपण 'इंडियन जर्नल ऑफ क्रायोजेनिक्स'मध्ये त्याच वर्षी छापलं गेलं. पण बाळाच्या घरच्यांना नाव उघड व्हायला नको होतं. परंपरा पाळणारं घर, लोक काय म्हणतील ही भीती. डॉक्टरांनी शब्द दिला आणि पाळला. त्यामुळे ज्या एका गोष्टीनं संशय मिटला असता ती गोष्ट, म्हणजे बाळ आणि तिचे आईवडील, ते कुणापुढे उभं करू शकले नाहीत. रुग्णाचं गुपित सांभाळण्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली, ही गोष्ट त्यांच्या विज्ञानाइतकीच मोठी आहे.

राज्य सरकारनं नोव्हेंबर १९७८ मध्ये चौकशी समिती नेमली. अध्यक्ष रेडिओभौतिकीचे प्राध्यापक. प्रजननाच्या नव्या संशोधनाचा प्रत्यक्ष अनुभव समितीतल्या कुणालाच नव्हता. समितीनं दावा फेटाळला. समितीनं शंका घेतली याबद्दल तक्रार नाही. दावा विलक्षण होता आणि शंका घेणं कामच होतं. पण शंका फिटेल असा मार्ग तिनं शोधला नाही. गोठवण्याचा प्रयोग पुन्हा करून दाखवायला सांगता आलं असतं. जाणकार बाहेरून बोलावता आले असते. त्याऐवजी एका माणसाला खोटारडा ठरवून फाइल बंद झाली.

पुढचं सगळं त्या निकालाच्या छायेत घडलं. १९७९ साली जपानच्या क्योटो विद्यापीठाच्या वानर संशोधन केंद्रानं मुखर्जींना बोलावलं. सरकारनं जाऊ दिलं नाही. तिथे ते जाते तर जगातल्या जाणकारांपुढे पद्धत मांडली गेली असती. त्यांना हृदयविकाराचा झटका आला. जून १९८१ मध्ये बदली झाली ती नेत्ररोग संस्थेत. आयुष्यभर संप्रेरकांचा अभ्यास केलेला माणूस डोळ्यांच्या दवाखान्यात! त्याच वर्षी त्यांनी कोलकात्याच्या राहत्या घरी आयुष्य संपवलं. वय पन्नास.

त्यांच्या आयुष्यावर रमापद चौधुरी यांनी 'अभिमन्यु' ही कादंबरी लिहिली आणि तिच्यावरून तपन सिन्हांनी १९९० साली 'एक डॉक्टर की मौत' हा चित्रपट काढला. पंकज कपूर आणि शबाना आझमी यांचा तो चित्रपट मराठी घरांतूनही पाहिला गेला. पण चित्रपटातला डॉक्टर कुष्ठरोगावरची लस शोधतो. त्यामुळे खरा डॉक्टर कोण आणि त्यानं खरं काय केलं हे बहुतेकांना कळलंच नाही. शोकांतिका लोकांना माहीत झाली, विज्ञान अंधारात राहिलं.

ते अंधारातून बाहेर काढायला प्रयोगशाळेतलाच माणूस हवा होता. १९९७ साली आनंद कुमार कोलकात्याला गेले तेव्हा मुखर्जींची हस्तलिखित टिपणं, पत्रव्यवहार, सरकारला दिलेला अहवाल असे कागद त्यांना पाहायला मिळाले. सुनीत मुखर्जींशी बोलणं झालं. आनंद कुमारांनी हे कागद एका विशिष्ट नजरेनं वाचले. हे काम ज्यानं स्वतः केलं आहे, ज्याचे कित्येक गर्भ पेटीत मेले आहेत, त्याला खरी टिपणं आणि रचलेली टिपणं यांतला फरक कळतो. खोटं लिहिणारा माणूस त्या वेळी जगाला माहीत असलेलं लिहितो. मुखर्जींच्या कागदांत जे होतं ते १९७८ साली जगाला माहीतच नव्हतं.

संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन अनेक बीजं पिकवण्याची रीत प्रस्थापित झाली ती नंतर. अमेरिकेतलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, डिसेंबर १९८१ मध्ये व्हर्जिनियात जन्मलेलं, त्या मार्गानं आलं. गोठवलेल्या मानवी गर्भापासून गर्भधारणा झाल्याचं वृत्त ऑस्ट्रेलियातल्या अॅलन ट्राउन्सन आणि लिंडा मोर यांनी १९८३ साली दिलं. योनिमार्गातून बीज काढणं तर सोनोग्राफी आल्यावर जगभर रूढ झालं. म्हणजे परळला आपण जे १९८६ साली केलं त्याच्याही पुढचं तंत्र एका शिक्षकानं आठ वर्षं आधी वापरलं होतं, हे आनंद कुमारांना स्वतःच्या अनुभवानं उमगलं. आज मुंबईपासून सांगली-नांदेडपर्यंतच्या वंध्यत्व चिकित्सालयांत पुष्कळ जोडप्यांना डॉक्टर सांगतात की आधी बीजं काढू, गर्भ गोठवू, पुढच्या महिन्यात सोडू. ही क्रमवारी मुखर्जींच्या वहीत होती.

आनंद कुमारांनी गप्प बसायचं ठरवलं असतं तर काही बिघडत नव्हतं. सरकारी निकाल त्यांच्या बाजूचा होता, छापील नोंद त्यांच्या बाजूची होती, दावेदार हयात नव्हता. मुखर्जींचा पुरावा आजच्या कसोटीला अपुरा आहे हेही खरंच: एक छोटं टिपण, काही हस्तलिखितं, साथीदारांच्या आठवणी. पण आनंद कुमारांनी उपलब्ध सगळं एकत्र ठेवलं, त्यातली शास्त्रीय सुसंगती तपासली आणि आपला निष्कर्ष नावानिशी छापला. न्यायबुद्धी लागते ती इथेच. पुरावा आपल्या विरुद्ध जात असताना त्याला तितकंच वजन देणं.

त्यानंतर गोष्टी हलल्या. २००३ साली, पंचविसाव्या वाढदिवसाला, 'दुर्गा' स्वतःहून लोकांपुढे आली आणि आपला जन्म कसा झाला ते तिनं सांगितलं. आयसीएमआरनं २००५ साली वंध्यत्व चिकित्सालयांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली; त्यांत जगातलं दुसरं टेस्ट ट्यूब बाळ कोलकात्यात जन्मल्याचं आणि ते मुखर्जी व त्यांच्या दोन सहकाऱ्यांचं काम असल्याचं लिहिलं गेलं. ज्या परिषदेच्या संस्थेचा 'पहिला' मान त्यामुळे जात होता, त्याच परिषदेच्या कागदावर ही नोंद झाली. १९८६ च्या जन्माचा उल्लेख आता 'शास्त्रीय नोंदींसह पहिला' असा होतो, आणि तो योग्यच आहे. हिंदुजांचं श्रेय त्यामुळे कणभरही कमी होत नाही. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

परळहून निवृत्त झाल्यावर आनंद कुमार बंगळुरूला गेले आणि तिथे वंध्यत्वावरचं चिकित्सालय व संशोधन चालवत राहिले. २०१० साली ते वारले. त्याच वर्षी रॉबर्ट एडवर्ड्‌स यांना नोबेल जाहीर झालं. स्टेप्टो आणि पर्डी तोवर हयात नव्हते, आणि नोबेल हयात माणसालाच मिळतं. मुखर्जींच्या बाबतीत तो प्रश्न कुणी विचारण्याआधीच, १९८१ साली, निकालात निघाला होता; पण त्यांचं नाव ज्या कागदांवर आज सापडतं, त्यांतल्या पहिल्या ठाम कागदावर सही आनंद कुमारांची आहे.